पांगुळगाडा, नंदीबैल आणि घुंगरांची पट्टी

भुसावळ सोडून गाडी पूर्वेकडे निघाली की मलकापूर, नांदुरा, जलंब ही स्थानके एकामागून एक मागे पडतात आणि शेगाव येते. वाचकहो, आपल्यापैकी अनेकजण या स्थानकावर कधी ना कधी उतरलेले असतील. कोणी दर्शनासाठी, कोणी पारायणासाठी, तर कोणी पुढे लोणारचे सरोवर पाहण्यासाठी. बुलढाणा जिल्ह्याची ही ओळख सर्वांच्या परिचयाची आहे. या लेखात आपण त्याच रस्त्यांनी, पण निराळ्या हेतूने जाणार आहोत. शेगावपासून सिंदखेड राजापर्यंत बाजारात, शेताच्या बांधावर, सुताराच्या दारात आणि अंगणवाडीच्या ओसरीवर लहान मुलांची जी खेळणी दिसतात, ती आपण नीट पाहू. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारू. ज्या मुलाची मूठ सहज उघडत नाही, ज्याला आधाराशिवाय बसता येत नाही किंवा ज्याला एखादी गोष्ट उमजायला इतरांपेक्षा अधिक वेळ लागतो, त्याला हे खेळणे खेळता येईल का? येत नसेल, तर त्यात कोणता बदल करावा लागेल?

हा प्रश्न आजी-आजोबांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. आई-वडील शेतात किंवा नोकरीवर गेल्यानंतर अशा मुलाचा दिवस बहुतेक घरांत आजी-आजोबांच्या सोबतीने सरतो. हौसेने आणलेली मोटार, बाहुली, ठोकळे त्याच्यापुढे ठेवले जातात. मूल त्यांच्याकडे पाहत नाही, किंवा हात पुढे नेते आणि खेळणे घरंगळून दूर जाते. दोन-चार दिवसांनी ते खेळणे कपाटावर चढते आणि ‘त्याला खेळण्याची आवडच नाही’ असे घरात बोलले जाऊ लागते. प्रत्यक्षात अडचण बहुधा खेळण्याच्या घडणीत असते. पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदूची वाढ अतिशय वेगाने होते आणि ती वाढ घडते मुलाच्या स्वतःच्या हालचालींमधून. मी हात हलवला, आवाज झाला. मी ढकलले, ते पडले. हा अनुभव ज्याला पुन्हा पुन्हा मिळतो ते मूल पुन्हा प्रयत्न करते. ज्याला तो मिळत नाही, ते हळूहळू प्रयत्नच सोडून देते. म्हणून योग्य खेळण्याचा विचार औषधाच्या आणि व्यायामाच्या विचाराइतकाच गंभीरपणे करावयास हवा.

शेगाव : दुकानापुढचे चार प्रश्न

गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले ते १८७८ साली आणि त्यांनी समाधी घेतली १९१० साली. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थानाची शिस्त आणि स्वच्छता आपण पाहिलेली असेल. संस्थानाच्या सेवाकार्यांत बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग मुलांसाठी चालविलेल्या विद्यालयाचाही समावेश आहे. दर्शन आटोपून बाहेर पडताना नातवंडांसाठी खेळणे घेण्याचा मोह कोणाला होत नाही? प्रसाद, तसबिरी, माळा यांच्या शेजारीच डमरू, शिट्ट्या, रंगीत चेंडू, लाकडी बैलगाड्या आणि किल्लीच्या मोटारी मांडलेल्या असतात.

अशा दुकानापुढे उभे असताना चार प्रश्न मनाशी विचारावेत. पहिला, हे आपल्या मुलाला धरता येईल का? बारीक दांडा किंवा गुळगुळीत गोलाई अशक्त अथवा ताठर हाताला पेलत नाही. दुसरा, हे जागेवर स्थिर राहील का? चाकाची मोटार धडधाकट मुलाला आनंद देते. ज्याचा हात नेम धरू शकत नाही त्याच्यापासून ती पहिल्याच स्पर्शाला पळून जाते. तिसरा, हे लगेच उत्तर देते का? मुलाच्या थोड्याशा हालचालीनेही आवाज, हालचाल किंवा उजेड व्हावा. चौथा, हे तोंडात गेले तर काय होईल? दिव्यांग मूल वयाने मोठे झाले तरी वस्तू तोंडात घालून पाहण्याची त्याची सवय बराच काळ टिकू शकते. म्हणून वेष्टनावर लिहिलेल्या वयापेक्षा आपल्या मुलाची सवय पाहून निर्णय घ्यावा. सुटणारे मणी, चुंबक आणि बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या पूर्णपणे टाळाव्यात. अशी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिकेला थोड्याच वेळात गंभीर इजा होते आणि मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. कारखान्यात तयार झालेल्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आहे. ते पाहूनच खरेदी करावी.

खामगाव : चांदी आणि कापूस

शेगावहून खामगाव जवळच आहे. चांदीच्या व्यापारामुळे या गावाला रजतनगरी म्हणतात आणि कापसाची बाजारपेठ म्हणून त्याचा लौकिक जुना आहे. आपल्या विषयाला ही दोन्ही द्रव्ये उपयोगी पडतात.

बारशाला चांदीचा खुळखुळा देण्याची आपली रीत आहे. खुळखुळ्यामागची कल्पना उत्तम आहे, कारण तो हलवणाऱ्याला लगेच उत्तर देतो. त्याची दांडी मात्र बारीक असते. मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, असलेल्या बाळाचा अंगठा पुष्कळदा तळहातात दुमडलेला असतो; त्याला ही दांडी धरता येत नाही. मग खुळखुळाच हाताशी आणावा. मऊ सुती कापडाची दोन बोटे रुंद पट्टी घ्यावी, तिच्यावर दोन-तीन मोठी घुंगरे जाड दोऱ्याने पक्की शिवावीत, वरून जाळीदार कापडाचे आवरण घालावे आणि ती पट्टी बाळाच्या मनगटावर किंवा घोट्यावर सैलसर बांधावी. आता धरण्याची अटच उरत नाही. हात जरासा हलला तरी नाद होतो, बाळ थबकते, ऐकते आणि पुन्हा हलवते. एक हात कमी वापरणाऱ्या बाळाच्या त्याच हातावर ही पट्टी बांधली, तर दुर्लक्षित हाताकडे त्याचे लक्ष वळते. पट्टी आपल्या नजरेसमोर असतानाच बांधावी आणि झोपताना काढून ठेवावी.

कापसाचेही तसेच आहे. बाजारातला रबरी चेंडू उसळतो आणि हातातून निसटतो. जुन्या धोतराच्या किंवा लुगड्याच्या कापडात कापूस भरून केलेला चेंडू पडला तिथेच थांबतो, बोटांनी दाबता येतो आणि लागला तरी इजा करीत नाही. त्याला कापडाचे तीन-चार पट्टे कानासारखे शिवले, की ज्या हाताला गोल वस्तू पेलत नाही त्यालाही तो ओढता येतो. ज्वारी किंवा सरकी भरलेली लहान पिशवी हाताला वजनाची जाणीव देते. मात्र ती दुहेरी कापडाची आणि दुहेरी शिवणीची असावी आणि उसवली आहे का ते दररोज पाहावे. सरकी किंवा दाणे तोंडात जाता कामा नयेत.

शिवण्याचे काम आजीच्या हातचे. दृष्टी मंद झाली असेल, तर जाड सुई आणि गडद दोरा वापरावा आणि काम संपल्यावर सुया मोजून डबीत ठेवाव्यात.

बोथ्याचा घाट आणि बुलढाणा : सुताराच्या दारात

खामगावहून बुलढाण्याला जाणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्याच्या जंगलातून बोथ्याचा घाट चढतो. वर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा लागते आणि हवेतला गारवा जाणवू लागतो. पावसाळ्याच्या अखेरीस या भागात आलात, तर पोळ्याची लगबग दिसेल. विदर्भात मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून ही रीत चालत आल्याचे सांगतात. मुले नटूनथटून चाकांवरचे लाकडी नंदीबैल ओढत नेतात, त्यांची रांग लागते आणि घरोघरी मुलांच्या हातावर बोजारा ठेवला जातो.

हा नंदीबैल पाहा. रुंद पाटावर उभा, चार चाके, पुढे दोरी. दिव्यांग मुलासाठी खेळणे घडवावयाचे, तर याहून चांगला पाया शोधून सापडणार नाही. सुताराला चार गोष्टी सांगाव्यात. पाट नेहमीपेक्षा रुंद ठेवावा, म्हणजे बैल कलंडणार नाही. चाके आसावर थोडी घट्ट बसवावीत, म्हणजे तो भरकन पुढे न जाता सावकाश येईल. दोरीच्या टोकाला मुलाच्या मुठीत मावेल असे जाड लाकडी कडे घालावे. मूठ मुळीच वळत नसेल तर दोरीला रुंद कापडी पट्टा जोडून तो मनगटात अडकवावा. बैलाच्या पाठीवर उभी मूठ बसवावी, म्हणजे ओढता न येणाऱ्या मुलाला तो ढकलता येईल. कडा घासून गुळगुळीत कराव्यात आणि रंग शिसेविरहित असल्याची खात्री करून घ्यावी. गळ्यातली घंटा असू द्यावी. बैल कुठवर आला हे दृष्टी अधू असलेल्या मुलाला तिच्यामुळेच कळते. दोरी लांब असल्याने मूल खेळत असताना जवळ बसावे आणि खेळ संपताच दोरी सोडवून ठेवावी.

सुताराकडचे दुसरे जुने खेळणे म्हणजे पांगुळगाडा. तीन चाकांची ही लाकडी चौकट धरून आपल्या पिढीतील कित्येकजण पहिली पावले टाकायला शिकले. तिच्या नावातच आधाराची गरज असलेला माणूस आहे. आज दुकानांत मिळणारे, मुलाला आत बसवण्याचे प्लॅस्टिकचे वॉकर ही वेगळी वस्तू आहे. तिच्यातून मुले वेगाने घसरत जाऊन पायऱ्यांवरून पडतात, आणि कॅनडाने तर २००४ साली तिच्या विक्रीवर बंदी घातली. पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे असते. स्नायूंत ताठरपणा किंवा ढिलेपणा असलेल्या मुलासाठी तो वापरायचा असेल, तर चाकांमधले अंतर वाढवावे, खालच्या आडव्या पट्टीवर वीट बांधून वजन द्यावे आणि धरण्याची पट्टी मुलाच्या कमरेच्या वर, छातीच्या खाली येईल अशी बसवावी. कोणत्या मुलाला उभे करावयाचे आणि केव्हा, हे मात्र फिजिओथेरपिस्टने पाहून ठरवावे. घाईने उभे केल्यास पायांची ठेवण बिघडू शकते.

मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील अजोया या खेड्यात दिव्यांग ग्रामस्थांनीच एक पुनर्वसन केंद्र चालवले. तेथील अनुभवावर डेव्हिड वर्नर यांनी खेड्यांतील दिव्यांग मुलांविषयी १९८७ साली एक मोठे पुस्तक प्रसिद्ध केले. गावातले लाकूड, गावातला कारागीर आणि समोर बसलेले मूल, या तिघांना एकत्र आणले की दूरच्या शहरातल्या महागड्या साधनावाचून पुष्कळ काही साधते, हे त्या पुस्तकातून दिसते. आपला सुतार बैलगाडीचे चाक मापात बसवू शकतो. मुलाला समोर बसवून माप घेतले तर तो खेळणेही मापाचे करू शकेल.

घरात विजेऱ्यांवर चालणारे एखादे नाचणारे माकड किंवा वाजणारी गाडी पडून असेल, तर तेही टाकू नका. त्याचे बटण बारीक असते, एवढीच अडचण. रेडिओ-मोबाईल दुरुस्त करणारा कारागीर त्या बटणाऐवजी बाहेर दोन तारा काढून तळहाताएवढे मोठे बटण जोडू शकतो. मग मुलाने कोपराने, गुडघ्याने किंवा डोक्याने दाबले तरी माकड नाचते. हा बदल फक्त लहान विजेऱ्यांवरच्या खेळण्यात करावा. घरातल्या विजेच्या जोडणीवर चालणाऱ्या वस्तूत कधीही करू नये. झटके येणाऱ्या मुलासाठी लुकलुकत्या दिव्यांची खेळणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

चिखली, मेहकर : अंगणवाडी आणि खाऊचा डबा

बुलढाण्याहून चिखलीमार्गे पैनगंगेकाठच्या मेहकरला जाताना वाटेत गावोगाव अंगणवाड्या लागतात. ‘अंगणवाडी’ या शब्दाशी आणि कल्पनेशी महाराष्ट्राच्या दोन शिक्षिकांची नावे जोडलेली आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. मारिया माँटेसरी यांच्या शिक्षणसाधनांची किंमत खेड्याला झेपणारी नव्हती. म्हणून या दोघींनी बिया, शंख-शिंपले, दगड, पाने यांतूनच मोजण्याची, लावण्याची, ओळखण्याची साधने तयार केली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. माँटेसरी यांच्या पद्धतीचा उगमच मुळी रोममधील बौद्धिकदृष्ट्या मागे पडलेल्या मुलांसोबत केलेल्या कामात होता. जी साधने आज सर्व मुलांच्या बालवाडीत दिसतात, त्यांची पहिली परीक्षा अशा मुलांच्या हातांनी घेतली होती.

आपल्या भागातही अशी साधने परंपरेने आहेत. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भ-खानदेशात भुलाबाई बसते. गाणी झाली की मुली झाकलेला डबा कानाशी हलवतात आणि आत कोणता खाऊ आहे ते ओळखतात. आवाजावरून वस्तू ओळखण्याचा हा खेळ समजण्यास वेळ लागणाऱ्या मुलासाठी फार चांगला आहे. झाकण घट्ट बसणारे सहा सारखे डबे घ्यावेत. दोहोंत तुरीचे दाणे, दोहोंत वाळू, दोहोंत एकेक मोठा खडा घालून झाकणे चिकटवून टाकावीत. सुरुवात दोनच डब्यांनी करावी: एक वाजणारा, एक रिकामा. तो फरक ओळखता आला की तिसरा डबा आणावा. एका वेळी एकच पायरी वाढवावी. सहाही डबे पहिल्याच दिवशी समोर मांडले तर मूल गोंधळते आणि आपण निराश होतो. स्वमग्न मुलाला काही आवाज सहन होत नाहीत. त्याने कानांवर हात ठेवले तर डबा लगेच बाजूला करावा आणि मऊ कापड, पीठ किंवा पाणी अशा स्पर्शाच्या खेळाकडे वळावे.

अंगणवाडीत दिव्यांग बालकांना सामावून घेण्यासाठी केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली आहे. त्याआधी, २०१३पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करावयाची असते आणि गरज दिसल्यास पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावयाचे असते. पथक येण्याचा दिवस अंगणवाडीताईंकडून समजून घ्यावा आणि त्या दिवशी मुलाला आवर्जून न्यावे. चार महिन्यांनंतरही मान न धरणारे, नऊ महिन्यांनंतरही न बसणारे, दीड वर्षानंतरही न चालणारे किंवा वर्षाच्या आतच केवळ एकच हात वापरणारे बाळ दिसले, तर ‘याचा बापही उशिराच चालला होता’ असे म्हणून थांबू नये. नवस बोलावयाचा असेल तर जरूर बोलावा, परंतु तपासणीही त्याच आठवड्यात करून घ्यावी.

लोणार : बसण्याची जागा आणि थांबण्याची कला

मेहकरहून लोणारला आल्यावर सरोवराच्या काठावर उभे राहावे. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. २०२० साली त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. खाली पाण्यापर्यंत जाणारी वाट उताराची आणि पायऱ्यांची आहे. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना आणि कडेवरच्या सहा वर्षांच्या नातवाला ती सारखीच अवघड. काठावर बसूनही सरोवर दिसते, मात्र बसण्याची जागा नीट हवी. खेळाचेही असेच आहे. खेळण्याइतकेच महत्त्व मुलाच्या बसण्याला आहे.

ज्या मुलाचे धड डुगडुगते त्याची सारी शक्ती तोल सांभाळण्यात जाते आणि हात खेळायला मोकळे राहत नाहीत. म्हणून आधी बैठक. भिंतीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून, दोन्ही बाजूंना गोधडीच्या वळकट्या लावून किंवा सुताराकडून त्रिकोणी पाठीची लहान खुर्ची करवून घेऊन मुलाला बसवावे; तळपाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले असावेत. मान धरता येत नसेल तर कुशीवर निजवून दोन्ही हात चेहऱ्यासमोर येतील असे ठेवावे. खेळणे छातीच्या उंचीवर, बरोबर मध्यभागी मांडावे, म्हणजे दोन्ही हात एकत्र येतात. घरातली परात हा उत्तम खेळपाट आहे. तिच्या काठामुळे वस्तू बाहेर घरंगळत नाहीत. परातीखाली ओले फडके किंवा रबरी चटई घातली की तीही सरकत नाही. दृष्टी अधू असेल तर परातीत गडद, एकरंगी कापड पसरून त्यावर पिवळी किंवा पांढरी एकच वस्तू ठेवावी. भरतकाम केलेल्या चादरीवर पसरलेली दहा खेळणी त्याला वेगळी दिसतच नाहीत.

काळीनिळी, गुळगुळीत, खडबडीत दगडे पाहून इथून चार खडे घरी न्यावेत असे वाटेल. तसे करू नका; हे संरक्षित अभयारण्य आहे. आपल्याच शेतातला नदीचा मोठा गोटा, नारळाची शेंडी, लोकरीचा तुकडा, लाकडी पळी, थंड लागणारी स्टीलची वाटी, अशा पाच-सहा वस्तू टोपलीत घालाव्यात आणि मुलापुढे ठेवाव्यात. त्याने एखादी वस्तू निवडावी, आपण नाव सांगावे.

त्यानंतर थांबावे. हे सर्वांत कठीण काम आहे. मेंदूकडून हातापर्यंत निरोप जायला अशा मुलाला वेळ लागतो. मनातल्या मनात सावकाश दहा अंक मोजावेत आणि तोवर मदत करू नये, दुसरे खेळणेही पुढे करू नये. आपण घाईने त्याचा हात धरून घंटा वाजवली, तर घंटा वाजवणारे आपणच ठरतो. दहा अंकांनंतरही हात निघाला नाही, तर फक्त कोपराला हलका आधार द्यावा. उरलेले काम त्याचे.

आजी-आजोबांनी आपल्या शरीराचीही काळजी घ्यावी. जमिनीवर तासभर बसणे झेपत नसेल तर मुलाला रुंद, कठडा असलेल्या पलंगावर किंवा योग्य उंचीच्या मेजाशी बसवावे आणि आपण खुर्चीवर बसावे. उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे. खेळ पंधरा मिनिटांचा असला तरी पुरतो. दिवसातून दोनदा, मूल ताजेतवाने असताना. कणकेचा गोळा दोघांनी मिळून मळला, तर संधिवाताने आखडलेल्या बोटांनाही व्यायाम होतो. नातवाच्या चमच्याला कापड गुंडाळून केलेली जाड मूठ पक्षाघातातून सावरणाऱ्या आजोबांच्या चमच्यालाही उपयोगी पडते.

सिंदखेड राजा : एकट्याने किती करावे?

प्रवासाचा शेवटचा टप्पा सिंदखेड राजा. लखुजी जाधवरावांचा वाडा येथे आहे आणि दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी मोठा जनसमुदाय लोटतो. या मायमातीत उभे राहून मुलाच्या घडणीत आईचा वाटा किती मोठा, हे आपण भक्तिभावाने बोलतो; त्याच वेळी दिव्यांग मुलाची आई घरी एकटी किती वाहते, याचाही विचार व्हावा. दोष तिच्या माथी मारणे, ‘गरोदरपणी तूच काही केले असशील’ असे बोलणे, हे मुलाच्या खेळालाही मारक असते, कारण खचलेल्या घरात कोणी खेळत नाही.

ओझे वाटून घेण्याचा एक मार्ग दूरच्या देशातून आला आहे. स्वीडनमधील स्टॉकहोम शहरात १९६३ साली दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी ‘लेकोटेक’ या नावाने खेळण्यांचे ग्रंथालय सुरू झाले. पुस्तके न्यावीत तशी खेळणी न्यावीत, वापरावीत, परत करावीत आणि त्या निमित्ताने पालकांनी एकमेकांशी बोलावे. आपल्याकडील ज्येष्ठ नागरिक संघांना, भजनी मंडळांना किंवा गावच्या वाचनालयाला हे सहज जमण्याजोगे आहे. एक लोखंडी पेटी, एक नोंदवही आणि प्रत्येक खेळणे परत आल्यावर साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवण्याचा नियम, एवढे भांडवल पुरते. निवृत्त शिक्षक नोंद ठेवतील, शिवण येणाऱ्या आजी पट्ट्या शिवतील, सुतार चाके दुरुस्त करील. मूल एका खेळण्यातून पुढे गेले की ते पेटीत परतते आणि दुसऱ्या घरी जाते.

दयेच्या भावनेने हे करण्याची आवश्यकता नाही. खेळणे हा प्रत्येक बालकाचा हक्क असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेत नमूद आहे आणि भारताने ती १९९२ साली स्वीकारली. आपल्या देशाच्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढून घेतले की शासकीय योजनांचे दार उघडते; बौद्धिक दिव्यांगत्व, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

प्रवासाहून परतल्यावर सर्वच गोष्टी एकदम करायला घेऊ नका. या आठवड्यात फक्त घुंगरांची पट्टी शिवा आणि ती बांधल्यावर मूल काय करते ते पाच दिवस वहीत लिहून ठेवा: कोणता हात हलला, किती वेळाने हलला, चेहऱ्यावर काय दिसले. ती वही पुढच्या तपासणीच्या वेळी थेरपिस्टला दाखवा. आपण दिवसभर पाहता ते त्यांना दहा मिनिटांत दिसत नाही, त्यामुळे त्या नोंदींची त्यांना खरी मदत होईल. पट्टीची सवय झाली की परातीचा खेळ, मग डबे, मग चाके.

आणि पोळ्याला अजून अवकाश असेल, तर सुताराकडे आत्ताच जाऊन या. रुंद पाटाचा, घट्ट चाकांचा, गळ्यात घंटा असलेला नंदीबैल सांगून ठेवा. त्या दिवशी इतर मुले आपापले बैल ओढत निघतील तेव्हा आपल्या नातवाला चाकांच्या खुर्चीत किंवा कडेवर घेऊन, दोरीचा पट्टा त्याच्या मनगटात अडकवून त्याच रांगेत उभे राहा. त्याचा बैल सावकाश येईल. पुढच्या मुलांना थोडे थांबायला सांगा, मुले थांबतात. घरापुढे आलात की बोजारा त्याच्या हातावर ठेवू द्या. मूठ मिटायला त्याला वेळ लागला, तर देणाऱ्यालाही दहा अंक मोजायला सांगा.